डोळे न मिटणारं गिऱ्हाईक

छत्तीसच्या रोलात छत्तीसच फोटो काढणाऱ्या माणसाची नानांना कायम कीव आली आहे. ते स्वतः अडतीस काढत. रोल भरताना सुरुवातीची शेपटी बोटभर कमी गुंडाळली की पुढं एक आणि शेवटी एक असे दोन फोटो जास्तीचे निघतात, आणि त्या दोन फोटोंवर आपण संसार केला असं त्यांचं म्हणणं. लग्नघराला छत्तीस द्यायचे, उरलेल्या दोनांत मांडवातल्याच कुणाचा तरी पासपोर्ट उरकायचा. त्यामुळं त्या काळातल्या आमच्याकडच्या कित्येक ओळखपत्रांवर गंभीर चेहऱ्याच्या मागं आंब्याचं टाळं लोंबताना दिसतं.

रोल गेले, लग्नांना ड्रोन आले, नाना मात्र आहेत तिथं आहेत. त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. आमच्या मधली भिंत नानांनीच बांधलेली आहे, आणि विटा कमी लागाव्यात म्हणून ती वरच्या दोन फुटांत प्लायवूडची आहे. त्यामुळं नाना काय बोलतात ते मला ऐकू येतं आणि मी फॉर्मचे किती घेतो ते नानांना.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्याला चिक्कू म्हणून चालणार नाही. चिक्कू माणूस पैसा वाचवून ठेवतो आणि गप्प बसतो. हा पैशाला घट्ट पण वेळेला उधळा. दोनशे रुपयांची वस्तू तो विकत घेणार नाही, ती घरी बनवण्यासाठी चार रात्री, एक शेजारी आणि बायकोचं एक चांगलं वस्त्र खर्ची घालेल. आणि वस्तू तयार झाली की दोनशे रुपये वाचल्याचा आनंद त्याला अजिबात होत नाही. आनंद होतो तो दुकानदाराला हरवल्याचा. त्या बिचाऱ्या दुकानदाराला सामना सुरू झालेलाही ठाऊक नसतो.

नानांचा आताचा धंदा तीन प्रकारचा. पहिला मयताचा. जुन्या ग्रुप फोटोतून आजोबांना बाजूला काढायचं, टोपी सरळ करायची, मोठं करून फ्रेम करायची. दुसरा पंचनाम्याचा. तिसरा, आणि सगळ्यात खात्रीचा, जनावरांच्या विम्याचा. विम्याला गाईचा कानातल्या बिल्ल्यासकट फोटो लागतो. बिल्ल्याचा नंबर वाचता आला पाहिजे, आणि गाय तर मान हलवल्याशिवाय राहत नाही. नानांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे मालकानं समोर उभं राहून मुठीत पेंड धरायची आणि ती द्यायची नाही. 2019 च्या दुष्काळात आमच्याकडं छावण्या पडल्या तेव्हा दावणीनं उभी असलेली जनावरं नानांनी टिपली. माणसांपेक्षा जनावरं बरी, म्हणत. फोटो बघून ‘मी एवढी काळी हाये का’ असं विचारत नाहीत.

तर अशा माणसाकडं गेल्या वर्षी नवरात्रात भाचा आला, पुण्याहून. मोहट्याला देवीच्या दर्शनाला म्हणून आला, आणि गाडीच्या मागच्या सीटवरून बॅगेच्या आधी त्यानं एक झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा टब उतरवला. काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, वाटलं पुरणाचा डबा असेल.

“मामी, घाबरू नका,” भाचा म्हणाला. मराठी माणसानं इतर कुठल्याही कारणासाठी हे वाक्य वापरलेलं मी ऐकलेलं नाही. आत काय असणार ते मला तिथंच कळलं.

आत बॉल पायथन होता. साडेतीन-चार फूट लांब, मनगटाएवढा जाड, चॉकलेटी अंगावर पिवळसर ठिगळं, आणि स्वतःची गुंडाळी करून तो बसलेला, डोकं मधोमध लपवून. नावाप्रमाणं चेंडूच. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बिनविषारी. भ्यायला की चावण्याऐवजी स्वतःचाच गोळा करतो. म्हणजे स्वभावानं आमच्या तालुक्यातल्या सरळमार्गी नोकरदारासारखा.

काकूंनी आधी हात जोडले, मग ओरडल्या. घरात घट बसलेले, नंदादीप तेवतोय, आणि हे. भाच्यानं शपथेवर सांगितलं की त्याचं जेवण पुण्यातच झालंय, आता दहा-बारा दिवस तो काही मागणार नाही. त्याला काय जेवायला लागतं हे भाच्यानं नऊ दिवस मोठ्या हुशारीनं टाळलं. काकू थोड्या निवळल्या. “पंधरा दिवसांतून एकदा जेवतो?” त्या नानांकडं बघत म्हणाल्या. “आन् मधी च्या पण मागत नाय?” त्या क्षणापासून तो घरात ‘पाव्हणा’ झाला.

नानांनी पहिला प्रश्न विचारला तो धंद्याचा. “कागदपत्रं हायेत का?”

इथं मला मधल्या भिंतीवरून बोलवण्यात आलं, कारण कागद हा माझा विषय. भाच्यानं मोबाईलवर सगळं दाखवलं. आपल्या रानातला साप पकडून घरी ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तो बिनविषारी आहे, मायेचा आहे, ओळखतो, ही सबब चालत नाही. या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, आणि परदेशातल्या अशा जातींचे जे प्राणी लोकांनी पाळलेत त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असं ठरलं. त्याचे नियम 2024 मध्ये आले. पाव्हण्याची नोंद झालेली होती. मी ती दोनदा वाचली. पीकविम्याच्या फॉर्मात बापाचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळवताना माझी हयात चालली आहे, आणि या आफ्रिकन सापाचे कागद एकदम स्वच्छ होते, हे मला थोडं लागलं.

“फोटो लागतोय,” भाचा म्हणाला. “मोबाईलवर नीट येत नाही, मामा. चमकतो नुसता. तुम्ही काढा ना, चांगला.”

नाना उठले, कॅमेरा आणला, पाव्हण्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “बिल्ला कुठं मारलाय?”

सापाला कान नसतो हे लक्षात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी नाराजी उमटली ती मी कधी विसरणार नाही. पन्नास वर्षांच्या अनुभवाचा पायाच गेला.

नानांचं आणि सापांचं तसं जुनं नातं आहे, पण ते हसण्यासारखं नाही. आमच्याकडं पावसाळ्यात मण्यार घरात येते, आणि माणसं जमिनीवर झोपलेली असतात. तिचा चावा पुष्कळदा कळतसुद्धा नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोप्यांत, फडात, सरपणात घोणस बसलेली असते. अशा वेळी पंचनाम्याला नानांना बोलावणं येतं, आणि पुढं त्या घरातलं कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसतं; गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सानुग्रह अनुदानाच्या दोन लाखांत सर्पदंशही धरलेला आहे, त्याचा अर्ज भरायला. मी त्या अर्जाचे पैसे घेत नाही, आणि नाना त्या फोटोंचे. भिंतीवरून आम्हाला एकमेकांचं ऐकू येत असूनही आम्ही हे कधी बोललेलो नाही.

त्यामुळंच सर्पमित्रांबद्दल नानांची मतं कडक आहेत. जो नाग पकडतो, पिशवीत घालतो, वनखात्याला कळवतो आणि रानात सोडून येतो त्याला ते चहा पाजतात. हे काम सोपं नाही आणि त्यात पैसा नाही. पण मधल्या काळात एक पोरगा आला होता, नाग गळ्यात घालून स्टेटसला फोटो टाकायचा होता त्याला. नानांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. म्हणाले, “आधी गळ्यातलं ते काढ. नायतर तुझा पुढचा फोटो मी हार घालूनच काढीन.” पोरगा गेला. मोठी ऑर्डर गेली, असं नाना नंतर म्हणाले, पण तो त्यांचा विनोद होता.

पाव्हण्याचं वेगळं होतं. हा कागदवाला.

पहिल्या रात्री नानांनी त्याला स्टुडिओत नेऊन स्टुलावर ठेवलं. मागं त्यांचा तो धबधब्याचा पडदा. आमच्या दुष्काळी तालुक्यात गेली तीस वर्षं अखंड वाहणारं एवढंच पाणी. वर कॅमेऱ्याचा फ्लॅश. नाना सवयीनं म्हणाले, “मान थोडी वर.” पाव्हण्यानं मान आत घेतली. नानांनी चुटकी वाजवली, लहान पोरांसाठीचा खुळखुळा वाजवला. भाचा म्हणाला, “मामा, त्याला कान नाहीत. जमिनीतून जाणवतं तेवढंच बऱ्यापैकी कळतं.” त्यावर नानांनी स्टुलावर टिचक्या मारून बघितल्या. पाव्हणा आणखी घट्ट झाला.

निघालेला फोटो म्हणजे तेल थापून आंघोळीला बसवलेलं पोर. प्रत्येक खवल्यावर एक पांढरा ठिपका, आणि मागं धबधबा. सापाचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत. समोरून थेट उजेड मारला की तो आरशासारखा परत येतो, रंग दिसतच नाही. उजेड बाजूनं, मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळून आल्यासारखा हवा. मागं काळं हवं, उजेड पिऊन टाकणारं. भिंग जवळचं हवं, फोकस डोळ्यावर हवा. डोळा पुसट आला की सगळा साप वाया. भाच्यानं हे सगळं सांगितलं आणि मग, भोळेपणानं, मोबाईलवर मॅक्रो लेन्सची किंमत दाखवली.

नानांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, चष्मा खाली घेतला. “तेवढ्यात गाय येती,” ते म्हणाले. “आन् ती दूध बी देती.”

आणि खुर्चीतून असे उठले की मी दुकान लवकर बंद करायची तयारी केली. मला ते उठणं माहीत आहे. सामना सुरू झाला होता.

पुढचे चार दिवस मी जे पाहिलं त्याचा हिशोब असा. बटर पेपर बेकरीतून, फुकट, कारण त्या बेकरीच्या केकचे फोटो नानांनी काढलेले. थर्माकोल माळ्यावरून, टीव्ही आणला तेव्हाच्या खोक्यातला, टीव्ही जाऊन जमाना झाला पण थर्माकोल होता. स्टीलची परात काकूंची. सायकलच्या नळीची एक रबरी पट्टी. आणि भिंग? त्यासाठी नानांनी कपाटातून स्वतःची जुनी यशिका काढली. ती आता मेलेली, पण तिचं पन्नास एमएमचं भिंग जिवंत. हे भिंग उलटं करून आताच्या कॅमेऱ्याला लावलं की जवळची वस्तू मोठी दिसते; ही काही नानांची विद्या नव्हे, जुने फोटोग्राफर हे करत आलेत. आणि जुन्या भिंगाला छिद्र लहानमोठं करायची कडी बाहेरच असते, म्हणून उलटं लावलं तरी ते ऐकतं. नवीन भिंगं कॅमेऱ्यानं सांगितल्याशिवाय हलत नाहीत. प्रश्न होता ते जोडायचं कसं. बाजारात त्याची कडी मिळते, दोन-तीनशेला. नानांनी नळाच्या फिटिंगवाल्याकडून पीव्हीसीचा एक तडकलेला कपलर आणला, कॅमेऱ्याच्या तोंडावर लावायची प्लॅस्टिकची टोपी मधोमध कापली, आणि दोन्ही एम-सीलनं एकमेकांना चिकटवलं. एम-सील वाळायला रात्र लागते. त्या रात्री नाना झोपले नाहीत, त्याच्याजवळ बसून होते, बाळंतिणीच्या उशाशी बसावं तसे.

काळ्या मखमलीच्या जागी काकूंचा काळा परकर आला. काकूंना न विचारता. तो खुर्चीवर पसरला, पाव्हण्याला त्यावर ठेवलं, परात डाव्या बाजूला, उजेड उजवीकडून बटर पेपरातून. फोटो खरोखर बरा आला. फक्त सापाच्या शेजारी एक बारीक, पांढरट पिल्लू दिसत होतं. भाचा घाबरला. ती परकराची नाडी होती.

“हे माझं न्हाय ना?” काकू दारातून म्हणाल्या. नंतर बराच वेळ स्टुडिओत फोटोग्राफीव्यतिरिक्त इतर विषयांवर चर्चा झाली. मी थर्माकोल धरून उभा होतो. थर्माकोल धरणाऱ्याला जाता येत नाही.

उलट्या भिंगाची एक अडचण असते. त्याला फोकस करता येत नाही. भिंगापासून चार बोटांवर एक पातळ पडदा असतो, तेवढ्यातच सगळं स्पष्ट. त्याच्या पुढं धूसर, मागं धूसर. म्हणून फोटो काढणाऱ्यानं स्वतः पुढं-मागं व्हायचं. नाना गुडघ्यांवर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला आणि पाव्हण्यापुढं हळूहळू डोलायला लागले. पुढं, मागं, पुढं, मागं. पाव्हणा ढिम्म.

आमच्यापासून जवळच मढी आहे. कानिफनाथांची यात्रा भरते तेव्हा सगळ्या मुलखातले भटके तिथं येतात, गाढवांचा बाजार भरतो, आणि लहानपणी आम्ही तिथं गारुड्याच्या घोळक्यात तास-तास उभे असायचो. पुंगीवर नाग डोलतो असं वाटायचं. ते पुंगीच्या सुरावर नसतं. समोर पुंगी हलते तिच्यावर डोळा ठेवून तो नाग हलतो. एवढ्या वर्षांनी मी पुंगीविना खेळ बघत होतो. त्यात साप स्वस्थ होता आणि माणूस डोलत होता.

दरम्यान बातमी गावात गेली. पोरं आली, शिक्षक आले, एक आजी दुधाची वाटी घेऊन आल्या, त्यांना भाच्यानं हात जोडून परत पाठवलं. साप दूध पीत नाही हे त्यांना पटलं नाही, पण दूध वाचलं हे पटलं. शिक्षकांनी नीलिमकुमार खैऱ्यांची गोष्ट काढली. पुण्यात 1980 साली काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास राहिलेला माणूस, पुढं कात्रजला सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं. सगळे गप्प होऊन ऐकत होते. नाना कॅमेऱ्यामागून म्हणाले, “बहात्तर साप म्हंजी बराबर दोन रोल.” थोडं थांबून, “माझ्याकडं असते तर चार फोटो शिल्लक राह्यले असते.”

मग एका संध्याकाळी मोटारसायकलवर दोघं आले. चप्पल न काढता दारात उभे. एकानं हळू आवाजात विचारलं, “दोन तोंडाचं हाय का?”

“एकाच तोंडाचा हाये,” नाना म्हणाले.

“वजन किती भरतंय?”

मला घाम फुटला. ही मांडुळाची गिऱ्हाइकं. मांडूळ हा आपला गरीब, मातीत राहणारा साप. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून त्याला दोन तोंडं आहेत आणि त्याच्यापायी पैशाचा पाऊस पडतो असली थाप कुणीतरी सोडली, आणि तेव्हापासून त्याची वजनावर चोरटी विक्री चालते. लोक जमिनी विकून त्यात बुडालेत, तुरुंगातही गेलेत. मी नानांना डोळ्यानं खुणावत होतो. नाना त्यांच्याकडं गिऱ्हाईक म्हणून बघत होते. “वजन कशाला?” ते म्हणाले. “फोटो नगावर हाये. पोस्टकार्ड साईज चाळीस. जनावराबरोबर मालक बी असंल तर साठ.” त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढ्या स्वस्तात कुणी बोलतंय म्हणजे हा पोलिसांचा सापळा, असा त्यांचा समज झाला असावा. गाडी त्यांनी सुरू न करताच वळवली आणि ढकलत नेली.

फोटो अजून नव्हताच. डोळा मिळत नव्हता, कारण डोकं बाहेर येत नव्हतं. नानांनी जुन्या काळच्या नवऱ्या आठवल्या. हनुवटी छातीला टेकलेली, पदर नाकापर्यंत, अल्बममध्ये नुसती मुंडावळ. त्यांना ते नणंदेकरवी वर बघायला लावत. इथं नणंद कुठून आणायची? थकून त्यांनी एकदा विचारलं, “घडीभर फ्रीजमधी ठेवला तर? सुस्त पडंल. पोरं करत्यात म्हणं.” भाच्याचा चेहरा लाल झाला. साप थंड रक्ताचा, अंगात स्वतःची ऊब नाही, बाहेरून मिळते तेवढीच. थंडीत ठेवलं की तो सुस्त नाही, आजारी पडतो, छाती भरते, मरतोसुद्धा, आणि असं करून फोटो काढणारे लोक आपण माणसांत धरत नाही, हे त्यानं एका दमात सांगितलं. फ्रीजमध्ये देवीचा प्रसाद आहे, हे काकूंनी सांगितलं. दोन्ही मुद्दे नानांनी मान्य केले. दुसरा जास्त.

मग भाच्यानंच युक्ती सांगितली. अंधार झाला, डोक्यावर छप्पर आलं की साप निवांत होतो, वेटोळ्यावर डोकं टेकून बसतो. म्हणून वर काहीतरी झाकायचं, थांबायचं, अलगद उचलायचं आणि पाच-सात सेकंदांत फोटो घ्यायचा. नानांनी आधी कोंबड्यांचं डालगं आणलं. त्यातून उजेड जात होता. शेवटी शेजारच्या बांधकामावरचं घमेलं. नानांनी घमेलं उचलायचं आणि कॅमेऱ्यामागं जायचं, तोवर डोकं पुन्हा आत. मी उचललं तर माझा हात कापायचा. पाच वेळा असं झाल्यावर काकू पदर खोचून पुढं आल्या. “सरका. जन्मभर टोपल्याखालच्या भाकरी बघितल्यात.” आणि खरंच, भाकरीला वाफ धरली का बघावं इतक्या हलक्या हातानं त्यांनी घमेल्याची कड उचलली. पाव्हण्याला कळलंसुद्धा नाही. डोकं वर होतं. नाना डोलले. पाच-सहा फोटो पडले. सगळ्यांत नाक स्पष्ट, डोळा धुकट.

आठव्या माळेला रात्री लाईट गेली. स्टुडिओ अंधारात, दुपारचा उन्हाळा भिंतीत राहिलेला. मधल्या दारातून देवघरातल्या नंदादीपाचा काय तो उजेड. सगळे थांबलो. “आता ऱ्हाऊ द्या,” काकू म्हणाल्या आणि घमेलं काढून कमरेवर घेतलं.

आणि पाव्हणा उलगडायला लागला. इतक्या दिवसांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की हा रात्रीचा प्राणी आहे. आम्ही त्याला रोज रात्री तीन ट्यूब आणि एक हॅलोजन लावून झोपायला सांगत होतो. डोकं वर आलं, जीभ दोनदा लवलवली. या सापाच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला दुसऱ्याची ऊब जाणवते. तो वळला तो सरळ देवघराकडं, ज्योतीकडं, आणि तसाच थांबला. मान वर, चेहरा तीन-चतुर्थांश. स्टुडिओच्या भाषेत याला नवरीची पोज म्हणतात.

“झेरॉक्स,” नाना पुटपुटले. मला ते याच नावानं हाक मारतात. “थर्माकोल.”

मी थर्माकोल धरला. भाच्यानं मोबाईलची बॅटरी बटर पेपरामागं धरली. काकू घमेलं घेऊन होत्या तिथंच थांबल्या. नाना चार बोटांवर गेले, श्वास रोखला, पुढं, मागं, आणि एकदाच खट् वाजलं. त्यांनी दुसरा फोटो घेतला नाही. रोलची सवय.

प्रिंट काढायला सकाळी ते माझ्याकडं आले. फोटो पेपर ए-फोरचा, साप बसला अर्ध्यात, म्हणून उरलेल्या अर्ध्यात त्यांनी दोन विम्याच्या गाई लावून आणल्या होत्या. मी स्क्रीनवर फोटो उघडला आणि माझ्या तोंडून काही निघेना. तीस वर्षं धबधब्यापुढं माणसं उभी करणाऱ्या माणसानं हा काढला होता. खवला न् खवला वेगळा, मातीचा रंग, मधाचा रंग, मागं गडद काळं, आणि मध्ये तो डोळा. सापाला पापणी नसते, डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, तेवढाच. तो जन्मात डोळे मिटत नाही. स्टुडिओवाल्याला देवानं द्यावं तर असं गिऱ्हाईक.

“मोठा कर,” नाना म्हणाले. “डोळा.”

मी मोठा केला. त्या वाटोळ्या काचेत आमची सगळी खोली वाकून उतरली होती. कडेला नंदादीपाची ज्योत, मोहरीएवढी. बटर पेपरचा पांढरा चौकोन, त्यामागं भाच्याचा हात. काकू, कमरेवर घमेलं. मी, थर्माकोल. आणि मधोमध कॅमेऱ्याचा काळा गोळा, पीव्हीसीच्या कपलरसकट. चार दिवसांचा सगळा बिनपैशाचा कारखाना एका डोळ्यात.

भाचा मागून ओरडला, “मामा, हे असलं कुणाला जमणार नाही!” काकू पदरानं स्क्रीन पुसायला लागल्या. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लागेपर्यंत पुढं आले आणि बराच वेळ बघत राहिले.

“वाया गेला,” ते म्हणाले.

“काय वाया गेला?”

त्यांनी बोट टेकवलं. तिथं मी होतो, बाजरीच्या दाण्याएवढा.

“तू डोळं मिटलंस. संध्याकाळी ये. थर्माकोल घेऊन ये.”